ताप आला होता

आमचा व्यवसायच बोलण्याचा. रविवारी तीन मिस्सा म्हणजे तीन प्रवचने. त्यांखेरीज लग्ने, अंत्यविधी, नोव्हेनाचे नऊ दिवस आणि एखाद्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवात 'दोन शब्द', जे दोन कधीच नसतात. प्रवचन कसे करावे हे सेमिनरीत आम्हांला रीतसर शिकवण्यात आले. स्वर कोठे चढवावा, कोठे क्षणभर थांबावे, दृष्टी शेवटच्या बाकापर्यंत कशी न्यावी, हे सारे आम्ही आरशासमोर उभे राहून घोटले. ऐकावे कसे, याचा मात्र वेगळा तास झाल्याचे आठवत नाही. प्रायश्चित्त संस्काराच्या तयारीत त्याविषयी चार गोष्टी सांगितल्या गेल्या खऱ्या. पण तेथेही भर होता तो ऐकून झाल्यावर काय बोलावे यावर. पन्नाशी उलटल्यावर ही उणीव आमच्या पदरात घातली ती भिवंडीच्या निजामपुऱ्यातील सहावीच्या एका वर्गाने. त्याचीच ही हकीकत.

भिवंडी म्हटले की आमच्या पिढीला दोन गोष्टी आठवतात, यंत्रमाग आणि दंगली. १९७० च्या मे महिन्यातली दंगल आमच्या समजत्या वयाआधीची. १९८४ ची मात्र आठवते. त्या दिवसांत घरातल्या वडीलधाऱ्यांनी रेडिओ बंद होऊ दिला नव्हता. पुढे १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांच्या समित्या उभ्या केल्या. काम दिसायला किती साधे! एकत्र बसायचे आणि एकमेकांचे ऐकून घ्यायचे. १९९२-९३ च्या हिवाळ्यात मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, हे आता सर्वांना ठाऊक आहे. सणासुदीच्या तोंडावर भरणाऱ्या शांतता समितीच्या अशाच एका बैठकीला आम्ही निमंत्रित म्हणून गेलो होतो. तेथे आमच्या शेजारच्या खुर्चीवर निजामपुऱ्यातील एका उर्दू माध्यमाच्या शाळेचे मुख्याध्यापक बसले होते. आमचे पंधरा मिनिटांचे भाषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि चहाच्या वेळी म्हणाले, "फादरसाहेब, आपण फार सुंदर मराठी बोलता. आमची मुले मराठीत पास होतात. बोलत मात्र नाहीत. दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, रेशनच्या कचेरीत आईबापांबरोबर जातात आणि मान खाली घालून उभी राहतात. आठवड्यातून एक तास देता येईल का?"

आम्ही 'हो' म्हटले. स्तुती ऐकली की आम्ही 'हो' म्हणतो, हा आमचा जुना दोष.

वसई रोडहून दिव्याकडे जाणारी गाडी दिवसातून मोजक्याच वेळा सुटते. जूचंद्र, कामण रोड, खारबाव आणि मग भिवंडी रोड. तेथून रिक्षा. गोदामांची रांग मागे पडली की जुन्या गावाच्या गल्ल्या सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर मागांचा आवाज. तो आवाज कानांनी ऐकू येण्याआधी पायांना कळतो. जमीन बारीक थरथरत असते. १८५७ नंतर उत्तरेतून विणकर मोमीन कुटुंबे येथे येऊन वसली असे सांगतात. त्यांच्याही आधीचे कोकणी मुसलमान येथले जुने रहिवासी. नंतर तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून कामगार तर आजही येतच आहेत. एवढ्या भाषा एका गल्लीत नांदतात आणि त्या सर्वांवर मागाची खटखट पसरलेली असते. शाळेची एक भिंत कारखान्याला लागून. वर्गात कोणीही हळू बोलत नाही, कारण हळू बोललेले कोणालाच ऐकू जात नाही.

पहिल्या गुरुवारी मुलांनी आम्हांला धडा वाचून दाखवला. काय ते वाचन! जोडाक्षरे स्वच्छ, विरामचिन्हांवर थांबणे बिनचूक. नंतर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि 'माझी शाळा' हा निबंध तिने एका श्वासात म्हणून दाखवला. माझी शाळा मला फार आवडते. शाळेची इमारत भव्य आहे. शाळेसमोर सुंदर बाग आहे. बागेत रंगीबेरंगी फुले आहेत. आम्ही नकळत खिडकीकडे पाहिले. समोर मागांचा पत्र्याचा कारखाना होता आणि दाराशी सुताच्या गोण्या टाकलेल्या होत्या. आम्ही तिला विचारले, "बाळ, ही बाग कोठे आहे?" ती गप्प. पुन्हा, सावकाश विचारले. तिने मैत्रिणीकडे पाहिले, मैत्रिणीने बाकाकडे. मग आम्ही वर्गाला विचारले, "आज डब्यात काय आणले?" चाळीस मुले, चाळीस डबे, आणि एकही शब्द नाही.

त्या शांततेने आम्हांला एकदम आमच्या बालपणात नेले. आम्ही वसईचे सामवेदी. आमच्या घरात कादोडी बोलत. पाटीवरची मराठी आम्हांला प्रथम भेटली ती शाळेत, आणि तीही नीट ओळख होण्याआधी छडी घेऊन. पहिलीत गुरुजींनी काही विचारले; आम्ही घरच्या बोलीत उत्तर दिले आणि वर्ग हसला. गुरुजीही हसले, वाईट हेतूने नव्हे, पण हसले. तेव्हापासून चौथीपर्यंत आम्ही वर्गात स्वतःहून एक वाक्य बोललो नाही. वाचायला सांगितले तर वाचायचे, पाठ म्हणायला सांगितले तर म्हणायचे. पाठ केलेले म्हणताना भीती वाटत नाही, कारण ते आपले नसतेच. चुकले तरी पुस्तकाचे चुकते. पुढे सेमिनरीत हाच प्रयोग इंग्रजीने आमच्यावर दुसऱ्यांदा केला. त्या पहिल्या वर्षी जेवणाच्या टेबलावर मीठ मागण्यापेक्षा अळणी खाणे आम्ही पत्करले.

संत ऑगस्टीन यांनीही आपल्या आत्मकथनाच्या आरंभी ही तक्रार लिहून ठेवली आहे. लॅटिन ते दायांच्या लाडाकोडात, हसतखेळत ऐकत शिकले. ग्रीक मात्र शाळेत धाकदपटशाने शिकवले गेले आणि त्यांना ते नकोसे झाले. सोळाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. भाषा कानातून शिरते आणि भीती वाटली की कान मिटतात, एवढे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले होते. आमच्या बालभारतीनेही, जी १९६७ पासून आहे, अन्य माध्यमांच्या मुलांसाठी 'सुलभभारती' काढताना ऐकणे आणि बोलणे ही कौशल्ये वाचन-लेखनाच्या आधी मांडली. मराठी सक्तीचा कायदा २०२० मध्ये झाला. उर्दू शाळांत मराठी त्यापूर्वीही होतीच. पुस्तकात सारे आहे. पण वर्गात शिरले की पहिली दोन कौशल्ये दाराबाहेर थांबतात, कारण त्यांना वहीत लाल खूण करता येत नाही.

दुसऱ्या गुरुवारी आम्ही मुलांना सांगितले, "तीन आठवडे कोणीही मराठीत बोलायचे नाही. फक्त ऐकायचे आणि करायचे." वर्गाला हे फार आवडले. जेम्स ॲशर नावाच्या एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही रीत मांडली. मूल बोलू लागण्यापूर्वी वर्षभर नुसते ऐकते आणि ऐकलेल्या आज्ञा पाळते, तर नवी भाषा शिकवताना तसेच का करू नये, हा त्याचा प्रश्न. आमच्या आजीने ॲशरचे नाव ऐकले नव्हते, पण नातवंडांना ती अशीच शिकवी.

आणि आज्ञा देण्यासाठी शाळेइतकी सोयीची जागा नाही. ऊठ. फळ्यापाशी जा. खडू घे. खिडकी उघड. दप्तर बाकावर ठेव. येथून गमती सुरू झाल्या. एका मुलाला आम्ही म्हटले, "दार लाव." तो दारापाशी गेला, दाराकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि गोंधळून उभा राहिला. त्याच्या कानाने 'लाओ' ऐकले होते. एवढे मोठे दार आणायचे कसे? दुसऱ्या मुलीला "खाली बस" म्हणताच मागचा बाक खुदखुदू लागला. 'खाली' म्हणजे रिकामी आणि 'बस' म्हणजे एस.टी.! 'दप्तर' ऐकून तर सारे चकित झाले. त्यांच्या भाषेत दफ्तर म्हणजे कचेरी. आमची मुले कचेरी पाठीवर घेऊन शाळेत जातात हे त्यांना नवीन होते. मग आम्ही त्यांना सांगितले, त्यांची 'तालीम' म्हणजे शिक्षण, आमच्या तालमीत कुस्ती खेळतात. त्यांचे उस्ताद आमच्या आखाड्यात येऊन वस्ताद झाले. आणि त्यांनी हिंदीत ऐकलेली 'शिक्षा' मराठीत मागू नये, मिळून जाईल!

त्या हसण्यातून एक गोष्ट मुलांच्या आपोआप ध्यानात आली. हजर, हजेरी, तारीख, रजा, कागद, शाई, खुर्ची, तक्ता, दाखला, शाबास. मराठी शाळेच्या सामानापैकी अर्धेअधिक त्यांच्याच घरून आलेले. परक्या घरी पाहुणे म्हणून जावे आणि कोनाड्यात आपल्याच आजीची भांडी दिसावीत, तसे त्यांचे चेहरे झाले. एका कोकणी मुसलमान मुलाने तर दबक्या आवाजात सांगितले की त्याची दादी घरात जे बोलते ते पुष्कळसे असेच असते. शाळेत बोलायची लाज वाटते म्हणून तो बोलत नसे. आम्ही त्याला आमच्या कादोडीची गोष्ट सांगितली. त्याने विचारले, "फादर, मग आता लाज गेली?" आम्ही म्हटले, पुष्कळशी.

अडला तो एक 'ळ'. उर्दू बोलणाऱ्या जिभेला हा वर्ण ठाऊक नाही. आणि आपली शाळा पाहावी तर ती ळकारानेच भरलेली. शाळा, फळा, खेळ, वेळ, वेळापत्रक. मुले शाला म्हणत, फला म्हणत. भिंतीपलीकडे माग चालू असताना ल आणि ळ यांतला फरक आमच्याही कानाला लागत नसे. एकदा अचानक वीज गेली. सारे माग एका क्षणात थांबले. एवढी शांतता त्या वर्गात आम्ही प्रथमच ऐकली. आम्ही हळू आवाजात 'शाळा' म्हटले आणि चाळीस मुलांनी तो शब्द प्रथमच खऱ्या अर्थाने ऐकला. दोघांतिघांना तेथल्या तेथे जमला. दहा मिनिटांनी वीज आली, माग सुरू झाले, आणि पुन्हा शाला.

संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले तेव्हा हाती घंटी घेऊन रस्त्यारस्त्याने फिरत आणि मुलांना गोळा करीत. धर्माचे पाठ गाण्याच्या चालीवर बसवीत. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे. १५७९ मध्ये आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ख्रिस्तपुराण राचोलला छापून निघाले, तेही ओवीत, म्हणजे कानासाठीच. परदेशातून आलेल्या माणसाला ओवीचा ताल सापडावा, यासाठी त्याने आधी किती वर्षे नुसते ऐकले असेल! या दोघांचे सण आणि स्मरणदिन आम्ही भक्तिभावाने साजरे करतो. त्यांच्या ऐकण्याविषयी मात्र आम्ही कधी प्रवचन केलेले नाही.

पाचव्या आठवड्यापासून बोलणे सुरू झाले. 'माझी शाळा' आम्ही बाजूला ठेवली आणि मुलांना विचारले, शाळेत तुम्हांला काय काय सांगावेसे वाटते? उर्दूत सांगा, मराठी आम्ही देतो. एक वही केली. पहिली पाच वाक्ये तक्रारीची निघाली. याने माझी जागा घेतली. हिने माझी पेन्सिल मोडली. तो मला ढकलतो. तक्रारीची भाषा माणूस फार लवकर शिकतो, हे धर्मग्राम-मंडळाच्या सभांवरून आम्हांला आधीच माहीत होते. मग रजा मागणे, हरवलेली वस्तू विचारणे, दाखल्यासाठी कार्यालयात बोलणे. एक मुलगा कारकून होई, दुसरा बाप. कारकून झालेली मुले फार तुसडेपणाने बोलत. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, ऐकलेले होते. नपुंसकलिंगाने पुष्कळ छळले. त्यांच्याकडे दोनच लिंगे, आपल्याकडे तीन. 'माझी पुस्तक' आणि 'माझा दप्तर' ऐकून ऐकून आमच्याही तोंडी एकदा प्रवचनात 'माझा पुस्तक' आले.

येथे थोडे विषयांतर करतो. दहावीच्या भाषा विषयांत तोंडी परीक्षेचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण असतात. २०१८-१९ मध्ये ते काढून टाकले गेले आणि मार्च २०१९ चा राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर उतरला. ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. निकाल उतरण्याचे ते एकमेव कारण नसेल. पण त्या साऱ्या गदारोळात मुलांना बोलता येते की नाही, हा प्रश्न विचारलेला आम्ही ऐकला नाही. तोंडी परीक्षेचे गुण पुष्कळ ठिकाणी हात सैल सोडून वाटले जातात. मूल उभे राहते, कविता म्हणते, अठरा गुण घेऊन बसते. आणि आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात इंग्रजी माध्यमाची मुले 'स्वर्गातील बापा' बिनचूक म्हणतात. त्यांतल्या एकाला आम्ही 'बापाला काय सांगशील?' असे विचारले तेव्हा त्याने घड्याळाकडे पाहिले. घरी आजी कादोडीत काही सांगते, नातू 'हं' म्हणतो, आणि दोघेही संभाषण झाले असे मानतात.

असो. आता ज्या मुलासाठी ही लेखणी उचलली त्याच्याकडे येतो.

आमच्या प्रत्येक तासाची सुरुवात हजेरीने होई. वर्गाचा हजेरीपट समोर ठेवायचा, आठवड्यात जो गैरहजर राहिला असेल त्याला विचारायचे, "का आला नव्हतास?" आणि त्याने मराठीत कारण सांगायचे. पाठ उत्तम होता. खरा प्रश्न, खरे उत्तर, असे आम्ही समजत होतो. बाकीची सारी वाक्ये मुलांकडून घेतली, पण या पाठाची वाक्ये मात्र, का कोण जाणे, आम्हीच फळ्यावर लिहून दिली. मला ताप आला होता. मामाचे लग्न होते. खूप पाऊस पडत होता. आमच्या लहानपणी आम्ही याच तीन कारणांनी गैरहजर राहत असू.

शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगा बसे. अंगाने किरकोळ, डोळे नेहमी जडावलेले. हजेरीपटात त्याच्यापुढे दर आठवड्याला दोन-तीन फुल्या. पहिल्यांदा विचारले तेव्हा म्हणाला, "मला ताप आला होती." आम्ही दुरुस्त केले, "होता." पुढच्या गुरुवारी, "मला ताप आली होता." पुन्हा दुरुस्त केले. तिसऱ्या वेळी थोडा अडखळला. चौथ्या गुरुवारी तो उठला आणि स्वच्छ उच्चारात म्हणाला, "मला ताप आला होता." आम्हांला एवढा आनंद झाला की आम्ही 'शाबास' म्हटले आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या वाजल्या. महिनाभर दर आठवड्याला ताप येणाऱ्या मुलासाठी आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर तीच दुसऱ्या बाकावरची मुलगी आपल्या भाषेत हळूच म्हणाली, "फादर, इसको बुखार नहीं आता."

आम्हांला ते ऐकू आले नाही असे नाही. गाडीची वेळ झाली होती. आम्ही घड्याळ पाहिले आणि वही मिटली.

पुढचे दोन गुरुवार तो आलाच नाही. दुसऱ्या गुरुवारी तास संपल्यावर आम्ही मुख्याध्यापकांबरोबर त्याला शोधायला निघालो. पाच-सहा गल्ल्या ओलांडून एका भिशीत पोहोचलो. आमच्या धर्मग्रामातल्या बाया पैसे साठवतात ती भिशी वेगळी. भिवंडीत मागावरच्या कामगारांच्या सामायिक खानावळीला भिशी म्हणतात. घरदार गावी ठेवून आलेली माणसे तेथे महिन्याचे पैसे भरून दोन वेळ जेवतात. माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात, तेव्हा एक पंगत उठते न उठते तोच दुसरी बसते. आत धूर होता. परातीपुढे तो बसला होता, कोपरापर्यंत हात पिठात. आम्हांला दारात पाहताच तो उभा राहिला आणि आमच्या डोळ्यांकडे न पाहता म्हणाला, "मला ताप आला होता."

लिंग, वचन, काळ, सारे बिनचूक.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू एका बहिऱ्या, बोबड्या माणसाला बरे करतो. त्याला तो आधी गर्दीतून बाजूला नेतो. मग त्याच्या कानांत बोटे घालतो, आणि त्यानंतर जिभेला स्पर्श करतो. 'एफ्फाथा', मोकळा हो. बाप्तिस्म्याच्या वेळी हीच खूण आम्ही बाळाच्या कानांना आणि ओठांना करतो. आजवर शेकडो वेळा केली असेल. त्या दिवशी त्या धुरात आम्हांला प्रथमच वाटले की येथे कान उघडायचे आहेत ते या मुलाचे नव्हेत.

आम्ही त्याला बाजूला, ओट्यावर नेले आणि म्हटले, "मराठी राहू दे. तुझ्या भाषेत सांग." त्याने सांगितले. वडील मागावर होते. आजा वारल्याचे कळले म्हणून गावी गेले ते अजून परतले नव्हते. आई या भिशीत चाळीस माणसांचा स्वयंपाक करते. तिचा हात भाजला. तेव्हापासून पहाटे चारला उठून पीठ हा भिजवतो, पोळ्या शेजारची बाई लाटते. ज्या दिवशी ती बाई येत नाही त्या दिवशी शाळा नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी शाळेत झोप येते. "पण मग हे सांगितले का नाहीस?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "आपने लिखाया नहीं था."

मुख्याध्यापक खाली पाहत होते. आम्हीही. चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा मुलाचा हक्क आहे असे २००९ चा कायदा सांगतो. तो त्यांना आणि आम्हांला दोघांनाही पाठ होता. कायद्यातले वाक्य त्या ओट्यावर उच्चारण्याचे धैर्य आम्हां दोघांनाही झाले नाही. ते आत जाऊन त्याच्या आईशी बोलले. बऱ्याच वेळाने असे ठरले की वडील येईपर्यंत सकाळच्या कामाला तिच्या नात्यातली एक मुलगी येईल आणि तो पहिला तास सोडून शाळेत येईल. हजेरीपटात फुली पडणार नाही. आम्ही त्या बोलण्यात नव्हतो. आम्ही ओट्यावर त्याच्यापाशी बसलो होतो. सांगून झाल्यावर तो बराच वेळ हाताचे पीठ खरवडत राहिला आणि मग त्याने विचारले, "फादर, आटा गूँधना, इसको मराठी में क्या बोलते हैं?"

"कणीक मळणे," आम्ही म्हटले.

"मी कणीक मळतो," तो म्हणाला. भिंतीपलीकडे माग चालूच होते. तरीही ळ स्पष्ट ऐकू आला.

पुढच्या गुरुवारी आम्ही फळ्यावरची ती तीन वाक्ये पुसली. आता कारण आधी उर्दूत सांगायचे, आम्ही ते पूर्ण ऐकून घ्यायचे, आणि मग दोघांनी मिळून त्याची मराठी करायची. यात फार वेळ जातो. तासाला चार मुलांहून अधिक होत नाहीत. पण वहीत जी वाक्ये जमली आहेत ती आम्हांला कोणत्याही पुस्तकात मिळाली नसती. आई दवाखान्यात होती, मी केसपेपर काढला. खोलीत रात्रपाळीचे लोक झोपले होते, दप्तर आत होते. पाणी आले नाही, कपडे ओले होते. धाकटीला कोणी सांभाळायला नव्हते. एकही ताप नाही. म्हणजे आला असेल तर आता तो खरा.

मागच्या गुरुवारी तो मुलगा आला नव्हता. शेजारच्याने उठून कारण सांगितले, उर्दूत नव्हे, मराठीतच. त्याचा वडील आला गावावरून, तो त्याची बरोबर टेसनला गेली, सामान जास्त होती, उद्या येणार. आम्ही दुरुस्त केले नाही. मग त्याने स्वतःहून आणखी सांगितले, सामानात काय काय होते, आंब्याचे लोणचे कसे सांडले, रिक्षावाला किती पैसे मागत होता. सारे ऐकून होईपर्यंत आमची गाडी गेली. पुढची रात्रीची होती.